दुर्बीण माझी, माणसं तुझी

दस्तगीर, तुला माती दिली त्या दिवशी घरी आलो. पायावर पाणी घेताना मनात पहिला विचार आला तो हा, की मी गेलो तर यातली निम्मी माणसंसुद्धा यायची नाहीत. दुःख मागाहून आलं. आलं तेव्हा चांगलं दाटून आलं, पण पहिला नंबर हेव्याचाच लागला. तुला यात नवल वाटणार नाही. मराठी शाळेत मांडीला मांडी लावून बसलो तेव्हापासून तू मला ओळखत होतास.

काय गर्दी होती रे. कापडबाजारातले शेटजी, माळीवाड्यातले बागवान, भिंगारचे टांगेवाले, आणि आमच्या शाळेतले दोघे मास्तर, जे मला शिक्षकांच्या खोलीत धड नमस्कार करत नाहीत. एक भटजी कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उभे राहून उपरण्याने डोळे पुसत होते. जो तो मला सांगत होता की दस्तगीरभाईंनी आम्हाला चंद्रावरचे खड्डे दाखवले, शनीचं कडं दाखवलं. मी मान डोलावत होतो. ज्या दुर्बिणीतून ते दिसलं ती माझी. शनी आकाशात कुठे आहे हे शोधून ती त्याच्यावर लावायचो मी. तिथे एकालाही त्याची आठवण नव्हती. तू असतास तर मला लांबूनच डोळा मारला असतास.

ती दुर्बीणही तुझ्यामुळेच मिळाली, हे आताच कबूल करून टाकतो, म्हणजे पुन्हा तो विषय नको. छावणीतला एक गोरा कप्तान लढाईवर निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. तुझा धंदा लग्नकार्याला गॅसबत्त्या, जाजमं आणि पातेली भाड्याने द्यायचा. तू तिथे कनाती बघायला गेलास आणि मला उगीच सोबतीला नेलंस. पितळी नळीची, तिवईवरची ती दुर्बीण पाहिली आणि माझे पाय हलेनात. मी गणिताचा मास्तर, ग्रह-ताऱ्यांची पुस्तकं वाचून वाचून डोळे गेलेले, पण भिंगातून एक तारा कधी पाहिला नव्हता. मी मागेपुढे करतोय हे बघून तू म्हणालास, ‘‘घे. न्हाई घेतलीस तर जलमभर माझं डोकं खाशील.’’ घेतली, आणि तरीही तुझं डोकं जन्मभर खाल्लं.

मग मी शाळेच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं की अमावास्येला तिन्हीसांजा झाल्यावर नागापूरच्या वाटेवरच्या माळावर आकाशदर्शन होईल, सर्वांनी यावे. सर्व म्हणजे चित्रकलेचे मास्तर आले, जे गवतावर आडवे झाले आणि झोपले. एक पेन्शनर पोस्टमास्तर आले, त्यांना साडेसाती कधी संपते एवढंच विचारायचं होतं. आणि तू आलास, हातगाडीभर गॅसबत्त्या घेऊन.

तो देखावा मी विसरणार नाही. माळाच्या चारी बाजूंना तू बत्त्या पेटवून ठेवल्यास. त्या फुसफुसत होत्या, उजेडाने माळ लख्ख झाला होता, वर आभाळ नावालाही उरलं नव्हतं आणि तू हात झटकत माझ्याकडे शाबासकीसाठी बघत होतास. लोकांना तारे नीट दिसायला नकोत का, असं तुझं म्हणणं. मी तुला अद्वातद्वा बोललो. तू एकेक बत्ती विझवत गेलास. शेवटची विझली, डोळे अंधाराला सरावले, आणि तू मान वर केलीस ती बराच वेळ खाली घेतली नाहीस. मृग, रोहिणी, व्याध, खाली दक्षिणेला अगस्ती, सगळं एकदम समोर आलेलं.

‘‘हे एवढं रोज असतं?’’ तू विचारलंस.

‘‘रोज. तुझ्या बत्त्यांच्या मागे.’’

त्या दिवशी तुला वेड लागलं हे मला कळलं, आणि मी खूश झालो. मला वाटलं, एक शिष्य मिळाला. तू शिष्य कसला होतोस. मृगाला तू शेवटपर्यंत कधी सप्तर्षी म्हणायचास, कधी नुसतंच ‘ते चौकोनी’. तुला ताऱ्यांची नावं नको होती, तुला तिथे माणसं हवी होती. आपण पाहिलं ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय तुझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

आणि मग सुरू झालं ते आपलं भांडण, जे तू गेलास तरी मिटलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ होतं. तारे बघायचे तर अमावास्या. चंद्र नाही, उजेड नाही, आभाळ काजळासारखं. तुझं म्हणणं की अवसेला माणूस घराबाहेर पडत नाही, पोरासोरांना तर कुणी उंबरा ओलांडू देत नाही. मी तुला सांगायचो की लक्ष्मीपूजन अवसेलाच असतं, पोळाही अवसेलाच असतो, तेव्हा कुणाला काही बाधत नाही. हे मी तुला सांगितलं, शाळेत सांगितलं, भाजीच्या बाजारात सांगितलं. सगळ्यांना पटलं आणि कुणी आलं नाही. तू म्हणालास, ‘‘ते सन हायेत, वामन. तुझा कुठं सन हाय?’’

संकष्टी चतुर्थी तू शोधून काढलीस. एका बारशाला बत्त्या लावत होतास, तेव्हा त्या घरातल्या बायका सारख्या गच्चीवर जाऊन चंद्र उगवला का बघत होत्या. दिवसभराचा उपास, चंद्र दिसल्याशिवाय जेवण नाही. तू तसाच माझ्याकडे आलास. ह्या बाया न बोलवता वर बघतात, आपण फक्त जाजम टाकायचं, असं म्हणालास. मी हसलो. चतुर्थीच्या चांदण्यात तारे कसले दाखवणार? पण पंचांग उघडून बघितलं. वद्य चतुर्थीला चंद्र उशिराने उगवतो. अंधार पडल्यापासून तो वर येईपर्यंत आभाळ अवसेइतकंच काळं असतं. तेवढा वेळ त्या माणसांना दुसरं कामच नसतं, वाट बघायची असते. एक मुसलमान माणूस चतुर्थीचा उपयोग मला शिकवतो, आणि तो बरोबर असतो, याचा मला किती राग आला म्हणून सांगू.

मग काय, माळ फुलला. बायका नैवेद्याचे डबे घेऊन टांग्यातून येऊ लागल्या. चंद्राला अर्घ्य द्यायला पाण्याचा हंडा तू भरून ठेवायचास. मी तोवर एकेक नक्षत्र दाखवायचो, आणि मधूनच कुणीतरी पूर्वेला बघून विचारायचं, आला का? पंचांगातली वेळ होऊन गेली तरी चंद्र दिसायचा नाही, कारण चांदबिबीच्या महालाचा डोंगर आडवा येतो. मी हे दर वेळी समजावून सांगायचो. तू म्हणायचास, महालावर बिबी दिवा लावून आली की चंद्र निघतो. लोकांना तुझं लक्षात राहायचं. चंद्र वर आला की अर्घ्य, नमस्कार, दुर्बिणीतून एकदा खड्डे बघायचे, आणि डबे उघडायचे. माझे तारे पुसट होत जायचे आणि तुझी पंगत रंगात यायची. मी दुर्बिणीजवळ एकटा उभा असायचो.

जमावबंदीच्या साली तर तू कमालच केलीस. किल्ल्यात पुढारी कोंडलेले, गावात चार माणसं एकत्र दिसली की पोलीस हजर. मी म्हटलं, आता बंद. तू म्हणालास, चतुर्थी कोण बंद करतं ते बघू. आणि त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी फौजदार दोन शिपाई घेऊन माळावर आलाच. दुर्बीण कुणाकडे रोखली आहे, जमाव कशासाठी जमवला आहे, परवानगी कुठे आहे, असं त्याने मला दरडावून विचारलं. तू पुढे झालास.

‘‘साहेब, हा जमाव न्हाई. ही उपाशी मानसं हायेत. चंद्र निघाला की जेवायला जानार.’’

फौजदाराचाही त्या दिवशी उपास निघाला. तो जाजमावर टेकला. पण माझी अडचण वेगळीच होती. दुर्बीण मी शनीवर लावली होती, आणि कुणी तिच्याजवळ यायला तयार नव्हतं. ज्या जिल्ह्यात शिंगणापूर आहे तिथे शनीच्या डोळ्याला डोळा कोण भिडवणार? शनी हा एक ग्रह आहे, तो किती दूर आहे, त्याचं कडं कशाचं आहे, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. लोक मान डोलावत होते आणि चार पावलं मागे सरकत होते. फौजदार उठला, भिंगाला डोळा लावणार एवढ्यात त्याला कळलं की आत कोण आहे, आणि तोही थबकला.

तू त्याच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, ‘‘तो आपल्याकडं बघंल तर साडेसाती. आपन त्याच्याकडं बघितलं तर कसली साडेसाती?’’

यात शास्त्र नाही, तर्क नाही, काही नाही. फौजदाराने टोपी मागे सारून डोळा लावला, बराच वेळ हलला नाही, आणि मग शिपायांना म्हणाला, बघा रे, खरंच कडं आहे. झालं. रांग लागली. आणि त्या रांगेत तुझ्या वहिनी उभ्या होत्या.

हे मी तुला कधी बोललो नाही, आज बोलतो. माझी बायको माझ्या एकाही अवसेला आली नव्हती. घरात दुर्बीण होती, अंगणात लावलेली असायची, मी हाका मारायचो, ती म्हणायची, आमटी उतू जाईल. चतुर्थीला ती उपासापायी आली, शनीला घाबरून मागे राहिली, आणि तुझं ते वाक्य ऐकून रांगेत उभी राहिली. तिने पाहिलं. मी दुर्बिणीला हात लावून अगदी शेजारी होतो. पण ती वळली ती तुझ्याकडे, आणि म्हणाली, ‘‘दस्तगीरभाऊ, कडं सुटं आहे की हो. ग्रहाला चिकटलेलं नाही.’’ इतकं नेमकं त्या संध्याकाळी कुणीही पाहिलं नव्हतं. हे तिने मला सांगायला हवं होतं. त्या रात्री मला मोदक गोड लागला नाही.

रॉकेल मिळेना तेव्हा तुझा धंदा बसला. बत्त्या कोठीत धूळ खात पडल्या. मला वाटलं, आता हा खचणार. तू माळावर येऊन जाजम झटकलंस आणि म्हणालास, आता दिवस तुझे, वामन, अंधार फुकट मिळतोय. अशा वेळी तुझा राग धरणं मला फार जड जायचं. पण तू लगेच काहीतरी करायचास आणि राग धरायला मला मदत व्हायची.

उदाहरणार्थ अरुंधती. सप्तर्षीतल्या वसिष्ठाजवळचा तो बारीक तारा मी तुला दाखवला, लग्नात नवरीला तो दाखवायची रीत आहे हेही सांगितलं. तू ते उचललंस. गोरज मुहूर्ताच्या लग्नांत विधी आटपले की तू मांडवाबाहेरच्या बत्त्या क्षणभर घालवायचास आणि नवरानवरीला उत्तरेला तोंड करून उभं करायचास. आकाशाकडे नुसतं बोट करून मोकळे होणारे भटजी आधी चिडले, मग तुझ्याशिवाय लग्न लावीनात. कबरस्तानाबाहेर रडत होते ते त्यांच्यातलेच. सगळ्या पंचक्रोशीतल्या नव्या सुनांना अरुंधती माहीत आहे, आणि ती बत्तीवाल्याने दाखवली हे माहीत आहे.

काष्टीच्या बाजाराचं मात्र मी अजून माफ केलेलं नाही. सूर्यावर मोठाले डाग आलेत हे वाचून मी तुला सांगितलं, आणि भिंगातून सूर्याकडे डोळ्याने कधीही बघायचं नाही, पांढऱ्या कापडावर त्याची आकृती पाडायची, हे माळावर करून दाखवलं. दुसऱ्याच आठवड्यात तू दुर्बीण मागून नेलीस आणि काष्टीच्या बैलबाजारात मांडव ठोकून धोतरावर सूर्य पाडलास. मी शाळेत अपूर्णांक शिकवत होतो. बाजार अर्धा ओस पडून माणसं तुझ्या मांडवात आली, हे मला कर्जतकडच्या एका विद्यार्थ्याने सांगितलं. एक म्हातारा डाग बघून म्हणे हळहळला, की सूर्यनारायणाला देवी आल्यात. हे ऐकायला मी तिथे हवा होतो. तुला जाब विचारला तर म्हणालास, बाजार तुझ्या सुटीच्या दिवशी न्हाई भरत, त्याला मी काय करू.

ईदच्या चांदालाही तू मला बोलावायचास, दुर्बीण घरी ठेवून. साक्ष नुसत्या डोळ्यांची लागते, म्हणायचास, डोळे आण. मी कुठे बघायचं ते सांगायचो, आणि चंद्राची कोर दिसली की मशिदीच्या आवारातली सगळी माणसं एकमेकांना मिठ्या मारायची. मलाही मारायची. ती एक वेळ अशी, की तिथे मला तुझा हेवा वाटला नाही. म्हणून ती लिहून ठेवतो.

खरं सांगायचं तर माझ्या वर्गातली पोरं मला घाबरून ऐकतात. तुझ्या जाजमावरची माणसं मला आवडीने ऐकायची. ती आवड तू त्यांच्यात आधीच घालून ठेवलेली असायची, कुणाच्या अंगणात, कुणाच्या दुकानाच्या फळीवर बसून. कुणी काही विचारलं की तू लगेच, ते मास्तरला विचारा, म्हणून मोकळा व्हायचास. लोक माझ्याकडे वळायचे, उत्तर ऐकायचे, आणि परत तुझ्याकडे वळायचे. मला कायम ते परत वळणंच दिसलं. आधीचं वळणं तुझ्यामुळे होतं, याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले.

आणि मग यंदाची माघातली चतुर्थी. आभाळ इतकं स्वच्छ होतं की मी मृगातला तो धुरकट ठिपका दाखवायला घेतला, जो मला सगळ्यांत प्रिय. तेवढ्यात चंद्र डोंगरावर आला. सगळे उठले, हंड्याभोवती गेले, डबे उघडले. मी वाक्याच्या मध्यावर होतो. माझा तोल गेला. तू मदारी आहेस, तुला आकाशाशी देणंघेणं नाही, तुला गर्दी लागते, अवसेला बोलवून दाखवायची तुझी हिंमत नाही, असं बरंच काही मी तुला बोललो. तू डबा खाली ठेवलास.

‘‘हिंमत माझी कशाला बघतोस? तू बोलव की. फाल्गुनातल्या अवसेला बोलव. मानसं आली तर चतुर्थी बंद, इथून पुढं तुझी अवस. न्हाई आली तर अवसेचं नाव काढायचं न्हाई.’’

मी म्हटलं, ठरलं.

‘‘पन तूच बोलवायचं,’’ तू म्हणालास. ‘‘मी एका दारात जायचा न्हाई.’’

त्यानंतर तू माझ्याकडे आला नाहीस. मीही आलो नाही. लग्नसराई होती, तुला वेळ नसेल असं मी बायकोला सांगायचो, पण मनात वाट बघत होतो की आधी तू येशील. दर वेळी आधी तूच यायचास. होळी झाली, आणि दोन दिवसांनी कर्जतहून सांगावा आला, की मांडवात बत्त्या टांगतानाच तुझ्या छातीत कळ आली आणि तू तिथेच बसलास तो उठला नाहीस.

पुढची चतुर्थी कुणी केली नाही. माळावर कुणी गेलं नाही. मी घरात बसून विचार केला की पैज लावणाराच राहिला नाही तर पैज कसली. पण मग वाटलं, नाही, मी हे करणार. आयुष्यात एकदा या गावातली माणसं माझ्या बोलावण्यावरून येतात का, हे मला बघायचंच होतं. तुझ्याशिवाय. आली नाहीत तर दुर्बीण शाळेला देऊन टाकायची आणि घरात बसायचं, हेही ठरवलं.

दारोदार फिरलो रे. मला ते येत नाही, तुला ठाऊक आहे. दारात उभा राहून मी घसा खाकरायचो आणि वर्गात सूचना वाचतो तसं सांगायचो, की पाडव्याच्या आदल्या दिवशी, अमावास्येला, सूर्यास्तानंतर, माळावर. अवस हा शब्द निघाला की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो. कुणी आढेवेढे घेतले नाहीत. येऊ की मास्तर, म्हणायचे, आणि हसायचे. मी ओळखलं की हे तोंडदेखलं आहे. जाजम मागायला तुझ्या घरी गेलो. भाभी पडद्याआडून म्हणाल्या की ते आधीच झटकून बाजूला काढून ठेवलं आहे. मला काही वाटलं नाही.

आणि दस्तगीर, आली. सगळी आली. टांगे, बैलगाड्या, चालत. तो फौजदार आता पेन्शनीत निघालाय, तो नातवाला घेऊन आला. बायका लेकरांना घेऊन आल्या, ऐन अवसेला. एकानेही बत्ती आणली नव्हती. चंद्र उगवायचा नव्हता, त्यामुळे कुणी पूर्वेला बघत नव्हतं, कुणाला घरी जायची घाई नव्हती. मी मृगापासून सुरुवात केली, व्याध दाखवला, अगस्ती मावळायच्या आत सगळ्यांना दाखवला, मग पूर्वेला मघांशेजारी शनी होता त्याच्यावर आलो. मृगातला तो धुरकट ठिपकाही रांगेने सगळ्यांनी पाहिला. मी इतका चांगला कधी बोललो नव्हतो. लोक हसत होते, माझ्या बोलण्याला. मनात म्हटलं, बघ. जिंकलो.

सगळं आवरताना नागापूरची गंगूबाई माळीण जाजमाचं एक टोक धरायला आली. पहिल्या चतुर्थीपासून येणारी ती बाई. मी भरात होतो. तिला म्हटलं, बघा, अवसेला येऊन काही बाधलं का? मी उगीच इतकी दारं फिरलो.

‘‘तुमी फिरला नसता तरी आलो असतो, मास्तर,’’ ती म्हणाली. ‘‘दस्तगीरभाई शिमग्याआधीच घरोघर सांगून गेल्ते. पाय सुजलं हुतं, तरी हिंडत हुते. म्हनले, फाल्गुनातल्या अवसेला जायाचं, आन मास्तरला कळू द्यायचं न्हाई. त्याच्याच हाकेनं आल्यावानी जायाचं.’’

मी जाजमाची घडी घालत राहिलो. ती वाकडी झाली, गंगूबाईने पुन्हा घातली.

मला राग आला. लहान पोराला जिंकू देतात तसं तू मला जिंकू दिलंस. एका दारात जायचा नाहीस म्हणाला होतास, आणि सुजल्या पायांनी सगळं गाव पालथं घातलंस. वाटेने मी बायकोला हे तावातावाने सांगत होतो. घर आलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘आपल्याकडेही आले होते. तुम्ही शाळेत होतात.’’

ओट्यावर बसलास म्हणे. चहा घेतलास. तिलाही तेच सांगितलंस, आणि माझ्या दुर्बिणीवरून हात फिरवून आलास. निघताना विचारलंस, अजून रागावलाय का तो. ती म्हणाली, आहे थोडा. त्यावर हसलास आणि काठी टेकत गेलास.

इतकी वर्षं मी तुझा हेवा केला, माणसांपायी. आता त्या माणसांचा करतो. गंगूबाईचा, फौजदाराचा, भटजींचा, दारात हसून येऊ की म्हणणाऱ्या प्रत्येकाचा, माझ्या बायकोचासुद्धा. त्या सगळ्यांना तू शेवटचं भेटून गेलास. मी तेवढा शाळेत होतो, इंग्रजी चौथीच्या वर्गाला बीजगणित शिकवत.